मिनिटाला सव्वा जोड

सहा वर्षं कामाच्या वेळात माझ्याशी कुणी बोललं नाही. माझा स्वभाव तिखट आहे, मान्य. पण हा दोष स्वभावाचा नव्हता, नियमाचा होता. माझ्या मशीनभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता आणि वर पाटी टांगलेली : ‘चालू मशीनवरच्या माणसाशी बोलू नये.’ दहा-दहा तास न बोलता राहणं म्हणजे काय असतं, ते त्या पाटी लिहिणाऱ्याने एकदा करून बघावं.

आमचा बुटांचा कारखाना. एका टोकाला कातडं कापतात, मग शिवतात. शिवून आलेला बुटाचा वरचा भाग पायाच्या आकाराच्या साच्यावर ओढून पक्का बसवायचा, हे माझं काम. माझ्यानंतर त्याला खालून सोल चिकटवून प्रेसमध्ये दाबतात, मग पुसायचं, खोक्यात घालायचं आणि रवाना. ओढकाम दिसतं सोपं. कमी ओढलं तर सुरकुती राहते, जास्त ओढलं तर शिवण उसवते. ते हाताला कळावं लागतं, आणि माझ्या हाताला ते कळायला चार वर्षं लागली.

सोलच्या प्रेसवर बुटकी. आम्ही दोघी एकाच दिवशी कामाला लागलो. एप्रन वाटणाऱ्याने त्या दिवशी तिचा मला दिला आणि माझा तिला. मी गुडघे उघडे टाकून उभी आणि ती जमीन झाडत चाललेली. तेव्हापासून ती बुटकी आणि मी लांबडी. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही रोज एक वाजता कँटीनमध्ये नळाशेजारच्या टेबलावर जेवलो. जेवण झालं की दोघींत एक संत्रं. सोलायचं तिने, पांढरे धागे काढायचे मी. फोडी सम निघाल्या तर ठीक. विषम निघाल्या तर त्या एका फोडीवरून असं भांडण व्हायचं की बाजूची माणसं घास हातात धरून बघत बसायची. “तुला उंची मिळाली ना, मग फोड मला,” हे तिचं म्हणणं. “तुला एवढी फोड ठेवायला जागा कुठे आहे?” हे माझं.

मग दोरीवाला आला.

त्या वेळी कारखान्याची दशा काय सांगू! जिकडेतिकडे अर्धवट बुटांचे ढीग. डावा आहे तर उजवा नाही, सात नंबर पोत्याने आणि आठ नंबर औषधालाही नाही. दुकानदार फोनवर ओरडायचे, साहेबलोक शिवणाऱ्या बायांवर ओरडायचे, बाया आणखी वेगाने शिवायच्या, ढीग आणखी वाढायचे आणि दारातून बाहेर माल जायचा तो तेवढाच. अशात हा प्लॅनिंगचा नवा माणूस आला आणि पहिले पंधरा दिवस हातात वही घेऊन नुसता फिरला. आम्ही म्हटलं, झालं, आला आणखी एक उंटावरून शेळ्या हाकणारा. सोळाव्या दिवशी तो माझ्या मशीनपुढच्या ढिगाशी थांबला आणि म्हणाला, “घोडं इथे पेंड खातंय.”

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे मी कामचुकार?”

“उलट, तुमच्याइतकं काम इथे कुणी करत नाही. पण शिवणवाल्या दिवसाला नऊशे जोड देतात, प्रेस सातशे दाबते आणि तुमचं मशीन सहाशेच्या वर जात नाही. म्हणजे सगळा कारखाना सहाशेचाच. बाकीचे कितीही धावले तरी ढीगच होणार. तुमचं एक मिनिट गेलं की कारखान्याचा सव्वा जोड गेला. तो परत मिळत नाही.”

आणि त्याने दोरी बांधली. खरी नव्हे, हिशेबातली. मी जेवढं ओढेन तेवढंच कातडं त्या टोकाला कापायला द्यायचं, वर एक तुकडा नाही. जणू दोरीचं एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं कापणाऱ्याच्या मनगटाला. म्हणून हा दोरीवाला. माझ्यापुढे मात्र कायम नऊ ढकलगाड्या भरलेल्या हव्यात : तीन हिरव्या, तीन पिवळ्या, तीन लाल. मागे कुठे सुई मोडो, वीज जावो, माझे हात रिकामे राहता कामा नयेत, म्हणून ही राखीव शिधासामग्री. हिरव्या संपल्या की लक्ष ठेवायचं. पिवळ्या संपून मी लाल गाडीला हात घातला की दोरीवाला चप्पल फटफटवत स्वतः धावत सुटायचा.

फरक पडला, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांत ढीग गेले, चालायला वाट झाली, फोनवरची बोंबाबोंब थांबली. शिवणवाल्या मधूनमधून हातावर हात ठेवून बसायच्या आणि कुणी त्यांना बोलायचं नाही. “नको तेव्हा काम करणं हाच इथे गुन्हा,” दोरीवाला म्हणायचा. थांबायचं नाही ते फक्त मी. म्हणून तो पट्टा आणि ती पाटी. म्हणून जेवणाच्या सुट्टीतही मशीन चालू. एक वाजता सगळे जेवायला जायचे, मी ओढत राहायचे. दोनला बदलीवाला यायचा, अर्धा तास मशीन सांभाळायचा, मग मी कँटीनला. तोवर कँटीनवालीने फरशी पुसून खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या असायच्या. त्यांतली एक खाली घ्यायची, जेवायचं, परत उलटी ठेवायची. संध्याकाळी पाचला सगळे सुटायचे, माझं मशीन सातपर्यंत. सहा वर्षं हेच.

लोक मला राणीसरकार म्हणायला लागले. पहिलं वर्ष मला ते आवडलंही. एवढा मोठा कारखाना आपल्या हाताकडे बघून चालतो म्हटल्यावर मान ताठ होणारच. पण ती ताठ मान घेऊन घरी जायचं, कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि दिवसभर न वापरलेल्या आवाजात स्वतःलाच विचारायचं, काय बाई, काय करायचं जेवायला? भाऊ आहे, लांब असतो. महिन्यातून एकदा फोन करतो आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणतो, “बाकी ठीक?” बाकी म्हणजे कशातून काय वजा करून उरलेलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

बुटकी सुरुवातीला पट्ट्याबाहेरून जाताना पाटीकडे बोट दाखवायची आणि तोंडाला कुलूप लावल्याची खूण करायची. पुढे तेही कमी झालं. रविवारी तिच्याकडे लेक, सून, नातवंडं. त्यात मी कुठे घुसू? फक्त एकदा, पहिल्याच वर्षी, मशीन बिघडून बंद पडलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, “अगं, आणखी एक मशीन आणतील कधीतरी. मग परत एकला, नळाजवळ.” तिने ते सहज म्हटलं. मी मात्र ते धरून बसले. सहा वर्षांनी दुसरं मशीन खरंच आलं, तेव्हा बुटकीच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. म्हटलं, चार तर चार. मला तेवढे पुरणार होते.

सोमवारी नवं मशीन सुरू झालं. बदलीवाल्याला त्यावर बसवलं. एका माणसाने येऊन खरवडणीने माझा पिवळा पट्टा काढला, पाटी उतरवली. दोरीवाला म्हणाला, “आता तुमच्यावर काही अडलेलं नाही. एकला जेवायला जा. आणि दोरी सांगेल तेवढंच ओढा, जास्त नको.” एवढं सांगून तो कातड्याचा माल बघायला तीन दिवस बाहेरगावी गेला.

एकच्या भोंग्याला मी कँटीनमध्ये. सगळ्या खुर्च्या सरळ! आणि नळाजवळच्या टेबलावर कुणीतरी भलतीच माणसं. बुटकी पलीकडे, चार शिवणवाल्यांच्या घोळक्यात. “अगं ये ये, सरका गं,” म्हणून तिने मला कोपऱ्यात जागा करून दिली. तिथे कुणाच्या तरी जावयाची गोष्ट चालली होती, अर्धी आधीच सांगून झालेली. सगळ्या हसल्या, मीही हसले, कशाला ते ठाऊक नाही. हे टेबल आजचं नव्हतं, एवढं माझ्या ध्यानात आलं. हिला सहा वर्षं टेबल होतं. माझ्या डोक्यात मात्र नळाजवळ एक रिकामी खुर्ची आणि समोर वाट बघत बसलेली बुटकी. मूर्ख मी!

पण मंगळवारी ती डबा उचलून नळाजवळ आली. बुधवारीही आली. तिने संत्रं सोललं, मी धागे काढले, अकरा फोडी निघाल्या आणि आम्ही भांडलो. मी इतक्या जोरात भांडले की माझा आवाज मलाच नवा वाटला.

आणि त्या आनंदात मी नको ते करून बसले. रिकामं उभं राहायची माझ्या हातांना सवय कुठली! समोर बदलीवाला ओढतोय आणि मी शेजारी खांबासारखी? दोरीवाला गावात नव्हता. मी कापणाऱ्याला दम दिला, “दे रे माल, बघतोस काय!” त्याने दिला. मी ओढत सुटले. दोन दिवस असं ओढलं जसं कुणी मागे लागलंय. दोन्ही मशीनचे मिळून दिवसाला नऊशे, साडेनऊशे जोड. ते सगळे साचे पुढे गेले आणि पुढे होती बुटकीची सातशेची प्रेस.

गुरुवारी सकाळी दोरीवाला आला तेव्हा बुटकी दिसतच नव्हती. तिच्यापुढे गाड्या, गाड्यांवर पेट्या, पेट्यांवर साचे. त्याने गाड्या मोजल्या. मग जे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं, तेच म्हणाला.

“आता घोडं इथे पेंड खातंय.”

दुपारपर्यंत पिवळ्या रंगाचा डबा आला. माझ्याभोवतीचा पट्टा खरवडणाराच माणूस गुडघ्यावर बसून प्रेसभोवती पट्टा मारत होता. पाटीही तीच, माझीच. नवी करायचा खर्च वाचला.

मी दोरीवाल्याला गाठलं. “हे माझ्यामुळे झालं. मी जास्त ओढलं.”

“नाही हो. प्रेस सातशेचीच आहे. तुम्ही नसतं ओढलं तर हे कळायला महिना लागला असता, एवढंच.”

एवढंच! माझा एक महिना गेला आणि हा म्हणतो एवढंच.

“तिला चार महिने राहिलेत,” मी म्हटलं. “जेवायच्या वेळी अर्धा तास प्रेस बंद ठेवली तर काय आभाळ कोसळेल?”

“चव्वेचाळीस जोड जातील. रोज.” मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्हाला मी हे सांगायचं का?”

सहा वर्षं त्याच जोडांच्या जोरावर मी मान ताठ करून फिरले होते. आता कोणत्या तोंडाने म्हणू की जाऊ देत चव्वेचाळीस?

“तिच्या जागी अर्धा तास कुणीतरी लागेल,” तो पुढे म्हणाला. “बदलीवाला आता नव्या मशीनवर अडकला. मोकळा वेळ आणि असा हात तुमच्याकडेच आहे. तुम्ही प्रेस शिकाल?”

हो म्हणून टाकलं. दुसरं कुणी आलं असतं तर त्या तापलेल्या प्रेसवर तिची घडी बिघडवली असती. हो म्हटल्यावर लक्षात आलं : ती जेवेल तेव्हा मी प्रेसवर, आणि मी जेवेन तेव्हा ती. त्याने विचारलं, एक वाजता कोण जाणार आणि दीडला कोण? मी म्हटलं, “तिला एकला पाठवा. तिची माणसं असतात तिथे. मला उलट्या खुर्च्यांची सवय आहे.” हे मी मोठ्या मनाने म्हटलं असं समजू नका. रागाने म्हटलं.

तीन दिवसांत प्रेस शिकले. चिकटवलेला बूट आत ठेवायचा, दांडा ओढायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. प्रेसवरून कँटीनचं काचेचं दार समोर दिसतं. एक वाजता बुटकी हातमोजे काढून माझ्या हातात द्यायची आणि जायची. दांडा ओढून दहा मोजेपर्यंत मला ती त्या घोळक्यात दिसायची, मान मागे टाकून हसताना. सांगायला लाज वाटते, पण मी जळत होते. ज्या बाईला चार लोकांत बसता यावं म्हणून मी दीडला जेवत होते, ती चार लोकांत बसली म्हणून जळत होते. असे आठ दिवस गेले. हातमोजे घ्यायचे आणि द्यायचे, त्यापलीकडे आमच्यात शब्द नाही.

नवव्या दिवशी तिने मोजे काढता काढता विचारलं, “तोंड का फुगलंय?”

“काही नाही. जा. तुझी मंडळी खोळंबली असतील.”

“लांबडे, बोल.”

मग मी बोललेच. सहा वर्षांचं साठलेलं, दोरीवाल्याच्या कुठल्याच हिशेबात नसलेलं. “तुला टेबल होतं. मी रोज दोन वाजता खुर्च्या उतरवून एकटी जेवले. एकदा तरी आलीस? एकदा?”

तिचा एक मोजा हातात, एक काढायचा राहिलेला. “कामाच्या वेळी तुझ्याभोवती पट्टा होता,” ती म्हणाली. “पण दोनला तू जेवायला सुटायचीस ना? तेव्हा मी इथेच असायचे, प्रेसवर. माझ्याभोवती कुठे पट्टा होता गं? माझ्याशी बोलायला कुणाची बंदी होती? कँटीनपासून इथवर तीस पावलं आहेत. मी रोज दोनला त्या दाराकडे बघायचे. पहिली दोन वर्षं तरी बघायचे. तू कुठे आलीस?”

प्रेसची शिटी वाजली. मोजे घालून दांडा धरणं भाग होतं. ती गेली आणि मी दहा मोजायला लागले, पण सातावरून पुढे जाईना.

खरं होतं तिचं. डबा उचलून तीस पावलं चालायचं, पालथ्या पेटीवर बसायचं आणि जेवायचं. सहा वर्षांत माझ्या मनात हे एकदाही आलं नाही. सगळ्या कारखान्यातलं सगळं ढकलगाड्यांवरून माझ्यापर्यंत चालत यायचं. माणसंही तशीच येतील, असं मी धरून चालले होते. आली नाहीत म्हणून रुसून बसले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिने मोजे दिले आणि सरळ कँटीनकडे गेली. म्हटलं, बरोबर आहे, याच लायकीची आहेस तू. दांडा ओढला. एक, दोन, तीन. आणि मागून काहीतरी खरडत आल्याचा आवाज आला.

बुटकी कँटीनमधली खुर्ची ओढत आणत होती. पट्ट्याच्या बाहेर, अगदी काठाला तिने ती मांडली, बसली, तिचे पाय नेहमीसारखे जमिनीला पुरले नाहीत. मांडीवर डबा उघडला.

“अगं, तुझ्या त्या बाया...” मी सुरुवात केली.

तिने भरल्या तोंडाने वरच्या पाटीकडे बोट केलं. मग तोंडाला कुलूप लावलं, किल्ली फिरवली आणि एप्रनच्या खिशात टाकली. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले, आणि मोजे गोंदाने बरबटलेले, पुसणार कशाने? तशीच दांडा ओढत राहिले. अर्धा तास ती बसून होती. जेवली, मग नुसती बसली, माझ्या हाताकडे बघत. मी चव्वेचाळीस जोड दाबले. एकही वाया गेला नाही.

दीडला ती आत आली, मोजे घेतले, मी बाहेर आले. खुर्ची तिने तिथेच ठेवली होती. खुर्चीवर एक संत्रं, सोललेलं, अख्खं. धागे तसेच. धागे काढणं माझं काम ना.

मी बसले. डबा खाल्ला. सावकाश धागे काढले आणि फोडी मोजल्या. नऊ. चार मी खाल्ल्या, चार तिच्या डब्याच्या झाकणात ठेवल्या. उरलेली एक बोटात धरून वर केली. तिने दांडा ओढलेला होता, ओठ हलवत दहा मोजत होती. तशातच तिने हनुवटीने स्वतःकडे खूण केली : माझी. मी मान हलवली : मुळीच नाही, माझी. तिने डोळे वटारले. मी दुप्पट वटारले.

ती फोड मी झाकणात मधोमध ठेवली. चारांतले तीन महिने आणि काही दिवस अजून हातात होते, आणि भांडायला सध्या बंदी होती.